चॅनेल एक असलेला टीव्ही

पहिला दिवस, गुरुवार : एडिसन ते पिट्सबर्ग

सकाळी सहाला निघालो तेव्हा गाडीची मागची सीटं आडवी करून त्यावर आईने शिवलेली गोधडी पसरली होती. "जाताना रिकामी गाडी आणि येताना भरलेली, हे माझ्या दुकानाच्या उलट झालं," बाबा म्हणाले. पुण्यात ते सेट दुरुस्त करून पोचवायचे आणि रिकाम्या हाती परत यायचे.

बाबा ऐंशी वर्षांचे. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत आणि परतीचं तिकीट जूनचं आहे. सदाशिव पेठेतल्या बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं आणि बाबा रात्री जागून टीव्ही शिकले. तेव्हाचे सेट हायब्रिड, म्हणजे अर्धे ट्रान्झिस्टर आणि अर्धे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या. तपकीर गल्लीतून आणलेल्या व्हॉल्व्हच्या रिकाम्या खोक्यांत मी शाळेची खडूपेन्सिल ठेवायचे.

आम्ही चाललो होतो ओहायोतल्या हिलियर्डला. कोलंबस शहराला लागून असलेलं हे गाव, आणि तिथे स्टीव्ह मॅक्व्हॉय यांनी उभं केलेलं अर्ली टेलिव्हिजन म्युझियम. दर वसंतात तिथे जुने सेट जमवणारे आणि दुरुस्त करणारे देशभरातून येतात. माझं हे वेड आठ वर्षांचं. महायुद्ध संपल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत बनलेले निव्वळ व्हॉल्व्हचे सेट, तेवढंच माझं क्षेत्र. माझ्याकडे तीन आहेत. मला हवा होता तो चौथा, आरसीए कंपनीचा ६३०-टीएस.

म्हणूनच पहिला मुक्काम कॅम्डेन. डेलावेअर नदीच्या काठावर रेकॉर्डी काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीची जुनी इमारत उभी आहे. आता तिथे राहण्याचे फ्लॅट आहेत, पण मनोऱ्यावर रंगीत काचेतला तो कुत्रा भोंग्यापुढे अजून बसलेला आहे. बाबा गाडीतून उतरले आणि मान वर करून बघतच राहिले. "अगं, हा आपला एचएमव्ही!" हातात धरलेल्या शेकडो रेकॉर्डींवर त्यांनी हा कुत्रा पाहिलेला. १९२९ साली आरसीएने व्हिक्टर विकत घेतली आणि कुत्र्याचा अमेरिकेतला हक्क त्यांच्याकडे गेला. युद्ध चालू असताना टीव्ही बनवणं बंद होतं, कारखाने रडार आणि वायरलेसच्या कामाला जुंपलेले होते. ते संपलं आणि १९४६ च्या शरदात याच कॅम्डेनमधून ६३०-टीएस बाहेर पडला. दहा इंची गोल पिक्चर ट्यूब, म्हणजे चित्र उमटवणारी काचेची नळी, तीस व्हॉल्व्ह, आणि किंमत साडेतीनशे डॉलरच्या वर. दुसऱ्या कंपन्यांनी पुढे किती वर्षं हेच सर्किट उचललं, त्याला गणती नाही.

लँकॅस्टरला फक्त चहासाठी थांबलो. आरसीएच्या पिक्चर ट्यूब इथे बनायच्या. कारखाना मुळात १९४२ मध्ये नौदलासाठी उभारलेला. आजूबाजूला शेतं आणि आमिश लोकांच्या घोडागाड्या. विजेचं कनेक्शन न घेणाऱ्या माणसांच्या शेजारी दूरचित्रवाणीच्या ट्यूब बनत होत्या, हे मला प्रत्येक वेळी तिथून जाताना आठवतं.

पुढे पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या महामार्गावरचे चार बोगदे. रात्री पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात दर्शन आणि तिथल्याच उपाहारगृहात दहीभात. बाबांना प्रवासात एवढं पुरतं. झोपण्यापूर्वी मी त्यांना सांगितलं की ११ जानेवारी १९४९ ला या शहरातलं पहिलं केंद्र सुरू झालं आणि त्याच दिवशी जमिनीखालच्या कोअ‍ॅक्सियल केबलने पूर्व किनारा आणि मध्य-पश्चिम जोडला गेला. "म्हणजे न्यूयॉर्कचं चित्र शिकागोला?" बाबा उठून बसले. "मुंबईचं पुण्याला आणताना किती यातायात झाली, मी बघितलीय."

दुसरा दिवस, शुक्रवार : हिलियर्ड

तीन तासांत पोचलो. बाहेरून संग्रहालय म्हणजे साधं गोदामासारखं घर. आत शिरल्यावर मात्र बाबांची चाल बदलली. घरी जिन्यावर कठडा धरणारा माणूस इथे भराभर या खोलीतून त्या खोलीत.

सगळ्यात जास्त वेळ ते १९३९ च्या आरसीए टीआरके-१२ पुढे उभे राहिले. कपाटाएवढा सेट, पण समोर पडदाच नाही. ट्यूब इतकी लांब की आडवी मावेना, म्हणून ती उभी बसवली, तोंड आकाशाकडे. वरचं झाकण तिरकं उघडायचं, झाकणाच्या आतल्या आरशात चित्र बघायचं. "मग चित्र उलटं दिसेल," बाबा म्हणाले आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "चित्र आडवं पसरवणाऱ्या हॉरिझॉन्टल कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली की झालं." शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी हे इंग्रजीत सांगितलं. त्यांनी बाबांशी हात मिळवला आणि पुढचा तासभर दोघं एकमेकांना बोटांनी सर्किट काढून दाखवत होते. भाषेची अडचण मला वाटत होती तेवढी कुणालाच आली नाही.

युद्धानंतरच्या दालनात तर मी घरी आल्यासारखी फिरते. पायलट कंपनीचा तीन इंची पडद्याचा सेट आहे, १९४९ मध्ये शंभर डॉलरच्या आत मिळणारा. पत्त्याएवढं चित्र, पुढे भिंग लावून बघायचं. मोटोरोलाचा सात इंची व्हीटी-७१ आहे, मध्यमवर्गीय घरात टीव्ही आणणाऱ्या पहिल्या सेटांपैकी एक. डूमाँटचे सेट आहेत, त्यांच्या ट्यूनरला खटके नाहीत, रेडिओसारखा सलग फिरतो आणि मधल्या जागेत एफएम रेडिओही लागतो. मला स्वतःला डूमाँटची बांधणी आरसीएपेक्षा भक्कम वाटते, पण ज्या सेटावर सगळा धंदा उभा राहिला तो ६३०.

रंगीतच्या खोलीत आरसीएचा सीटी-१००. साल १९५४, किंमत हजार डॉलर. ट्यूब पंधरा इंची, पण चित्र साडेअकरा इंचच रुंद. या ट्यूबची खोड अशी की काच आणि धातूच्या जोडातून वर्षानुवर्षांत हवा आत शिरते. वापरा किंवा कपाटात ठेवा, ती मरते. पिक्चर ट्यूब पुन्हा भरून देणारा अमेरिकेतला शेवटचा कारखाना आयोवा राज्यात होता, तो २०१० मध्ये बंद झाला आणि त्याची यंत्रं या संग्रहालयाने आणून ठेवली. बाबा त्या काचेपुढे गप्प झाले. आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या वेळी रंगीत आलं, तेव्हा त्यांनी नव्या पद्धतीचे सेट शिकायला पुन्हा रात्री जागवल्या होत्या. त्यांचं वय तेव्हा अडतीस. आज मी त्याच्यापेक्षा मोठी आहे.

तिसरा दिवस, शनिवार : बाजार

पहाटे साडेसहाला वाहनतळावर बाजार भरला. गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, ताडपत्र्या, खोक्यांत शेकड्याने व्हॉल्व्ह, दोऱ्याने बांधलेल्या सॅम्स फोटोफॅक्टच्या घड्या. या घड्यांची मला फार किंमत वाटते. १९४६ पासून निघायला लागल्या. प्रत्येक सेटाच्या पोटाचे फोटो, प्रत्येक सुट्या भागाला नंबर, कुठे किती व्होल्ट हवेत ते कोष्टक. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सेट उघडावा, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

६३० चौथ्या रांगेत दिसला. एका तरुणाने घरातल्या वडीलधाऱ्याच्या माळ्यावरून आणलेला. महोगनीचा पापुद्रा डाव्या कोपऱ्यात सुटलेला, आत उंदराचं जुनं घरटं, चॅसिसवर गंजाचे डाग. बाबा खाली वाकले, बॅटरी मारली, आणि मग नाक पॉवर ट्रान्सफॉर्मरला टेकवलं. बराच वेळ हुंगत राहिले.

"जळलेला नाही. जळलेल्याचा वास पन्नास वर्षं जात नाही."

त्या मुलाला वाटलं आम्हाला सेट चालू करून बघायचाय. त्याने एक्स्टेंशन ओढली आणि प्लग हातात घेतला. बाबा एरवी अनोळखी माणसाला हात लावत नाहीत. त्यांनी त्याचं मनगट धरलं. "नको, नको, नो!"

मी समजावून सांगितलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पडून असलेला सेट सरळ विजेला जोडायचा नसतो. आतले कॉन्डेन्सर मेणात बुडवलेल्या कागदाचे. त्यात दमट हवा मुरते, ते गळायला लागतात. मग व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जी जाळी, म्हणजे ग्रिड, तिच्यावर नको असलेलं पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, आणि तिच्यापाठोपाठ ट्रान्सफॉर्मर. तोच ट्रान्सफॉर्मर, ज्याला बाबांनी आत्ता पास केलं होतं. मुलाने प्लग खाली ठेवला, दोनशे डॉलरचे एकशे साठ केले, आणि सेट उचलून गाडीपर्यंत आणून दिला. दोघांना उचलावा लागतो एवढा तो जड आहे.

एका जाणकाराने टेस्टर आणून पिक्चर ट्यूब तपासून दिली. तिचा नंबर १०बीपी४, इलेक्ट्रॉनचं उत्सर्जन अजून चांगलं. व्हॉल्व्ह मोजले तर एक जागा रिकामी. हॉरिझॉन्टल आउटपुटचा, म्हणजे चित्राच्या आडव्या ओळींना जोर देणारा ६बीजी६ हा व्हॉल्व्ह कुणीतरी काढून नेलेला. बाबा खोक्यांच्या रांगेत शिरले आणि वीस मिनिटांनी एक घेऊन आले. काचेवरचा शिक्का पुसट झालेला, तरी त्यांनी आतल्या पत्र्याच्या आकारावरून ओळखला होता.

दुपारची व्याख्यानं मी ऐकली, बाबा गाडीत सेटाशेजारी झोपले.

चौथा दिवस, रविवार : परत

नऊ तास, पाऊस, चार बोगदे. गोधडीत गुंडाळलेला सेट हलला नाही. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

पाचवा ते बारावा दिवस : तळघर

पहिल्या दिवशी फक्त साफसफाई. ब्रश, व्हॅक्यूम, आणि बाबांच्या जुन्या गंजिफ्रॉकाच्या चिंध्या. चॅनेलच्या चकतीवरची धूळ पुसली तर आकडे १ ते १३. बाबांनी चष्मा वर केला. "एक? इथे एक नंबर चॅनेल कुठेय?" आता कुठेच नाही. १९४८ साली सरकारने ती लहर टीव्हीकडून काढून मोबाइल वायरलेसवाल्यांना दिली. म्हणून अमेरिकेत चॅनेल दोनपासून सुरू होतात, आणि डायलवर एक असला की सेट त्याआधीचा हे कळतं.

मग आमचं भांडण झालं. कागदी कॉन्डेन्सर सगळेच बदलायचे, यावर एकमत. पण मी ते पोकळ करून भरते. ड्रायरने मेण मऊ करायचं, आतली गुंडाळी लाकडी काडीने ढकलून बाहेर काढायची, त्या नळीत नवा बारका फिल्म कॉन्डेन्सर सरकवायचा आणि दोन्ही तोंडं पुन्हा मेणाने बंद करायची. एकेकाला वीस मिनिटं. बाहेरून तोच जुना छापील कागद, तोच ब्रँड. बाबांना हे पटेना. "गिऱ्हाईकाला सातच्या बातम्यांना सेट हवा असतो. जुना तोड, नवा लाव, कथलाचा डाग दे, पुढचा घे. आत कोण बघतंय?"

मी म्हटलं, मी बघते.

दोन दिवस ते नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी चॅसिस उलटं केलं तेव्हा जवळ आले. एका टॅगवर वायर दीड वेढा घेऊन पक्कडीने दाबलेली, मग त्यावर कथलाचा एक थेंब, चमक अजून तशीच. शेजारच्या स्क्रूवर तपासणी झाल्याची खूण म्हणून लाल रंगाचा ठिपका. कॅम्डेनच्या कुणा कामगाराने १९४७ च्या सुमाराला लावलेला. बाबांनी तो ठिपका नखाने चाचपला. मग म्हणाले, "हे पुसू नकोस. आण इकडे ती मेणाची वाटी." त्यानंतरचे सगळे कॉन्डेन्सर त्यांनी भरले. हात किंचित कापतो, पण डाग देताना थांबतो.

रेझिस्टरही मोजले. जुने कार्बनचे रेझिस्टर वर चढतात, एक लाख ओहमचा दीड लाख झालेला असतो. अठरा बदलले.

पिक्चर ट्यूबच्या मानेवरचा चुंबक मात्र बाबांना नवा होता. त्यांच्या काळातल्या ट्यूबला तो नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा बाबांना काही शिकवता आलं, म्हणून सविस्तर लिहिते. ट्यूबच्या मागच्या गनमधून पडद्यावर इलेक्ट्रॉन सोडले जातात, त्यांच्याबरोबर थोडे ऋण आयन, म्हणजे विद्युतभारित जड अणू, हेही सुटतात. ते जड असल्यामुळे किरण वळवणाऱ्या डिफ्लेक्शन कॉइलला जुमानत नाहीत, सरळ पडद्याच्या मधोमध आपटत राहतात आणि काही महिन्यांत तिथे तपकिरी डाग पडतो. म्हणून गनच वाकडी बसवली. सगळे कण भिंतीवर आपटायला निघतात, चुंबक फक्त हलक्या इलेक्ट्रॉनना वळवून वाटेवर आणतो आणि आयन भिंतीत संपतात. चुंबक जागेवरून सरकला तर पडद्यावर अंधार. पुढे पडद्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर द्यायला लागले, तो आयन अडवतो, आणि चुंबक गेला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ट्यूब खराब नसताना ट्यूब खराब वाटेल." अगदी हेच मी दोन वर्षांपूर्वी एका चांगल्या ट्यूबच्या बाबतीत केलं होतं.

तेरावा दिवस, मंगळवार

संध्याकाळी सात. जास्त वीज ओढली तर दिवाच पेटावा आणि सेट वाचावा म्हणून सिरीज बोर्ड लावला, पुढे शंभर वॅटचा दिवा, मागे व्होल्टेज हळूहळू वाढवणारा डिमरस्टॅट. आधी चाळीस व्होल्ट, अर्धा तास. मग साठ. दिवा मंद. ऐंशीला व्हॉल्व्हच्या तारा लालसर दिसू लागल्या. तळघरात गरम धुळीचा आणि मेणाचा वास पसरला. बाबांचा डावा हात खिशात. नऊ हजार व्होल्टच्या आसपास काम करताना एक हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही. हे त्यांनी मला मी दहा वर्षांची असताना सांगितलेलं, आणि माझाही हात खिशात होता.

दिवा काढला, पूर्ण एकशे दहा दिले. आवाज आला. स्वच्छ खरखर. पडदा काळा.

व्होल्टेज मोजायला मीटर उचलला, इतक्यात वरून लेक ओरडला, "आई, खाली काय शिट्टी वाजतेय? कान दुखतायत!"

मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. आम्हा दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. अमेरिकन पद्धतीत सेकंदाला १५,७५० ओळी. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर त्याच सुराने गातो आणि तो सूर तरुण कानांनाच पोचतो. आपल्याकडे १५,६२५. एके काळी बाबा दुकानात शिरता शिरता त्या शिट्टीवरून सांगायचे की कुठल्या सेटाचा हॉरिझॉन्टल चाललाय आणि कुठला सरकलाय.

"अरे, खाली ये," बाबांनी हाक मारली. "इथे उभा राहा. सूर बदलला की सांग."

म्हणजे हॉरिझॉन्टल चालू होता, ट्यूबला व्होल्टेज मिळत होतं, अंधार चुंबकाचाच. मी रबरी हातमोजा घालून चुंबक मानेवर केसभर फिरवला. मागे सरकवला. पुन्हा फिरवला. पडद्यावर आधी राखाडी धूसर, मग एकदम उजेड, आणि मुंग्या. भरगच्च, जिवंत मुंग्या, गोल काचेच्या कडेपर्यंत.

इथे १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. तोपर्यंत १९४६ चा सेट नुसता अँटेना लावून चालत होता. आता व्हिडिओचा जुन्या पद्धतीचा टीव्ही सिग्नल करणारा छोटा मॉड्युलेटर लावून चॅनेल तीनवर चित्र द्यावं लागतं. लेकाने फोन जोडला आणि सहज हाताशी लागला तो व्हिडिओ लावला. गेल्या गणपतीत पुण्याच्या घरी काढलेला, आरतीचा. चित्र वरून खाली लोळायला लागलं. आई, काकू, समईची ज्योत, पुन्हा आई, पुन्हा काकू.

मी चित्राचं लोळणं थांबवणाऱ्या व्हर्टिकल होल्डच्या बटणाला हात लावणार, तेवढ्यात बाबांचं बोट तिथे पोचलं. डावा हात खिशातच. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी बटण जेमतेम हलवलं. चित्र एकदा वर सरकलं, थरथरलं, आणि थांबलं.

टाळ्या आणि झांजा सेटाच्या स्पीकरातून येत होत्या. लेक जमिनीवर मांडी घालून बसला. आईचा चेहरा काळ्यापांढऱ्यात, कडेला गोलाईत कापलेला.

बाबांनी खुर्ची मागे ओढली, डोळे बारीक केले आणि पडद्याच्या दोन्ही बाजू बराच वेळ न्याहाळल्या.

"उजवीकडे अर्धा इंच कमी पडतंय," ते म्हणाले. "तो ६बीजी६ थोडा दमलेला दिसतो. बंद कर आता, थंड होऊ दे. सकाळी रुंदीची कॉइल बघू."